अठ्ठावन्न अक्षरं मागे

कन्नमवार नगरात शकु पगारेला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि ती नक्की काय काम करते हे सांगू शकेल असा माणूस सापडणं त्याहून कठीण. कुणाला वाटतं ती लॅबमध्ये आहे, मग लगेच, "शकुताई, माझी शुगर तेवढी बघून द्या ना!" कुणाला वाटतं कॉम्प्युटरवर आहे, मग घरचा प्रिंटर अडकला की हिच्या दाराशी हजर. एकदा कंटाळून तिने खरं सांगून टाकलं, की मी प्रोमोटरवर काम करते. तर बिल्डिंगच्या पुनर्विकासाच्या मीटिंगला सेक्रेटरीने तिला पहिल्या रांगेत बसवून चहा पाजला. बिल्डरची माणूस समजला मेला! त्या दिवसापासून तिने सांगायचंच सोडून दिलं.

शकु साकीनाक्याला जीन तपासणाऱ्या एका कंपनीत आहे. खाली ग्रिलचं वर्कशॉप, वर ही कंपनी. खाली वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात आणि वर एसीत बसून शकु माणूस, माकड, उंदीर, गाय, घोडा, वटवाघूळ, देवमासा अशा सगळ्यांचे जीन शेजारी शेजारी मांडते. कुठे काय सारखं आहे, कुठे काय बदललंय ते बघायचं, हे तिचं काम. त्यातही प्रत्येक जीनच्या अलीकडे एक पट्टा असतो, जीन कधी चालू व्हायचा आणि किती चालायचा हे ठरवणारा. त्याचं नाव प्रोमोटर. शकु त्याला स्विचबोर्ड म्हणते. पंखा कितीही भारी असला तरी बोर्ड जळला तर तो फिरणार कसा, असं तिचं म्हणणं.

ह्या खुर्चीपर्यंत ती काही सरळ रस्त्याने आलेली नाही. वडील येवल्याकडून येऊन विक्रोळीच्या कारखान्यात लागले. मुलीने एमएस्सी केलं, झूलॉजीत, आणि मग घाटकोपर ते मुलुंड जी जी म्हणून कॉलेजं आहेत तिथे तासिकेवर शिकवत फिरली. "पुढच्या वर्षी कायम करू, मॅडम," असं म्हणत म्हणत कॉलेजवाल्यांनी तिचे केस पांढरे केले. चाळिशी उलटल्यावर ती कॉम्प्युटर शिकायला बसली. क्लासमधली पोरं तिला आंटी म्हणायची. परीक्षेनंतर मॅडम म्हणायला लागली. नवरा भीमराज महापालिकेच्या पाणी खात्यात आहे. तो अतिशय शांत माणूस, आणि असायलाच हवा, कारण शकु बोलायला फटकळ. ऑफिसात नवीन मुलांनी काम आणून दाखवलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठून मोजलंस?" पोरांचं धाबं दणाणतं.

आता समोरचं दार. तिथे धुरी राहतात. द्रौपदीकाकू मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, तो वारला. मुलगा सुयोग मेट्रोच्या देखभालीच्या कामावर, सून अक्षता, आणि आठ महिन्यांची मिनू. ही मिनू म्हणजे दोन्ही घरांची लाडकी. भीमराजच्या मिशा ओढून ओढून तिने त्या अर्ध्या केल्यात.

पावसाळा संपता संपता मिनूला उलट्या झाल्या. दिवसभर पोटात काही ठरेना. संध्याकाळी पोर अशी मलूल पडली की हाक मारली तरी बघेना. सुयोगने रिक्षा काढली आणि मुलुंडचं हॉस्पिटल गाठलं. रक्तातली साखर पार तळाला गेलेली. सलाइन लागलं, साखर चढली आणि पोर शुद्धीवर आली. घरच्यांना वाटलं, सुटलो. पण तिथल्या डॉक्टरीणबाई चिकट. त्या म्हणाल्या, उलट्या सगळ्याच पोरांना होतात, सगळ्यांची साखर एवढी पडत नाही, आपण जीन तपासून घेऊ.

रिपोर्ट आला तो अक्षता सरळ शकुकडे घेऊन आली. "शकुताई, तुम्हीच वाचा. आम्हाला ह्यातलं ओ का ठो कळत नाही."

शकुने वाचलं. पोट रिकामं असलं की लिव्हर स्वतः साखर बनवून अंगाला पुरवतं, आणि त्या कामाला एक एन्झाइम लागतं. रिपोर्ट त्या एन्झाइमच्या जीनचा होता. जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. मिनूची बापाकडून आलेली प्रत बिघडलेली निघाली. तेवढ्याने काही होत नाही, एक चांगली प्रत पुरते. सुयोग तीच बिघडलेली प्रत घेऊन तीस वर्षं धडधाकट फिरतोय, आणि संकष्टीचा उपासही करतोय. प्रश्न होता आईकडच्या प्रतीचा. तिच्या स्विचबोर्डात, सुरुवातीपासून अठ्ठावन्न अक्षरं मागे, एक अक्षर बदललेलं होतं. जीन लिहिला जातो तो ए, टी, जी, सी ह्या चार अक्षरांत; तिथे असायला हवा जी, मिनूला होता ए. ह्याने बोर्ड जळतो की नुसता रंग बदलतो? रिपोर्टने लिहिलं होतं, अर्थ अनिश्चित.

अनिश्चित! अरे, पोर आईच्या मांडीवर आहे आणि कागद म्हणतो अनिश्चित. तो बदल वाईट असला तर मिनूच्या दोन्ही प्रती गेल्या. मग तिला कधीच उपाशी राहू द्यायचं नाही. ताप आला, उलटी झाली, एक जेवण चुकलं, की जिवावर बेतणार. नक्की कळेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, दर तीन तासांनी भरवा, झोपली असेल तर उठवून भरवा. धुऱ्यांच्या घरात रात्र अशी राहिलीच नव्हती. सुयोगच्या मोबाइलचा गजर, द्रौपदीकाकूंची चमचा-वाटी, आणि झोपेतून उठवलेल्या मिनूचं रागावून तोंड फिरवणं. अक्षता तर वाळून निम्मी झाली होती.

"मी बघते," शकु म्हणाली. "मी डॉक्टर नाही हं, पण माझं रोजचं काम हेच आहे."

आणि होतंच ते तिचं काम. हे सगळे प्राणी एकमेकांपासून वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं झाली. एवढ्या काळात जे अक्षर उंदरानेही बदललं नाही, गायीनेही नाही, देवमाशानेही नाही, त्याला हात लावला की वाट लागते असं धरून चालायचं. ज्यांनी बदलून पाहिलं ते टिकलेच नसणार. आणि जे अक्षर ज्याने त्याने मन मानेल तसं बदललंय, तिथे फारसं काही अडत नाही. शकुने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे पट्टे काढले, एकाखाली एक लावले, अठ्ठावन्न अक्षरं मागे मोजली आणि बघितलं.

माणूस, जी. माकड, जी. उंदीर, जी. गाय, घोडा, कुत्रा, हत्ती, वटवाघूळ, सगळे जी. वरून खालपर्यंत एकच अक्षर, आणि एकट्या मिनूचं ए. शकुचा डबा तसाच राहिला. भेंडीची भाजी होती, तिची आवडती.

घरी येताना तिने ठरवलं होतं, आधी डॉक्टरीणबाईंना कळवायचं, धुऱ्यांना काही बोलायचं नाही. पण द्रौपदीकाकू जिन्यातच बसलेल्या.

"काय दिसला गो तुका?" त्या म्हणाल्या. "खरा सांग. तुझा तोंड असा कित्याक झाला?"

शकुला खोटं बोलता येत नाही. फटकळ माणसाची हीच पंचाईत. "काकू, मला चांगलं दिसत नाही," ती बोलून गेली. "पण शेवटचं डॉक्टरच सांगतील."

पुढचं वाक्य कोण ऐकतंय? काकूंनी पदर तोंडाला लावला. अक्षता दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि झोपलेल्या मिनूला उठवून भरवायला लागली, वेळ झालेली नसताना.

तो आठवडा दोन्ही घरांना फार वाईट गेला. मिनूचं उष्टावण ठरलं होतं, मामा खीर भरवायला देवगडहून येणार होता. त्याला येऊ नको म्हणून कळवलं. काकूंनी सकाळ-संध्याकाळ देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पोराक सांभाळ रे!" भिंती पातळ, शकुला सगळं ऐकू यायचं. अक्षताच्या डोक्यात वेगळंच भरलं होतं. तो बदल तिच्याकडून आला होता ना! "माझ्यामुळे झालं, शकुताई. मीच दिलं तिला," असं ती म्हणाली. शकुने नुसती अक्षताच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थापही उगाच जोरात बसली.

मग मुलुंडहून निरोप आला. अक्षताने डॉक्टरीणबाईंना शकुच्या कामाबद्दल सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, तुमच्या शेजारणीला सगळं नीट मांडून पाठवायला सांगा, मला वाचायचंय.

नीट मांडायचं म्हणजे आजूबाजूची अक्षरंही दाखवायला हवीत. शकुने रिपोर्टची शेवटची पानं काढली. तिथे मशीनने काढलेला आलेख होता, रंगीत उंचवट्यांचा, मिनूच्या बदललेल्या अक्षराच्या अलीकडची आणि पलीकडची थोडी थोडी अक्षरं दाखवणारा. ती पानं कुणी बघत नाही. शकुनेही बघितली नव्हती. तिने ती अक्षरं आपल्या तक्त्यातल्या अक्षरांशी लावून बघितली.

लागेनात.

तिने पुन्हा बघितलं. मधल्या जागेचा मूळचा जी दोन्हीकडे होता, पण त्याच्या डाव्या-उजव्या हाताचं काहीच जुळत नव्हतं. ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. आणि मग तिने स्वतःला तोच प्रश्न विचारला जो ती पोरांना विचारते. कुठून मोजलंस, शकु?

झालं होतं असं. जीन जिथून वाचायला सुरुवात होते ती एक जागा, आणि वाचलेल्यातून प्रत्यक्ष प्रथिन बनवायला सुरुवात होते ती त्याच्या थोडी पुढची. जुन्या लोकांनी प्रोमोटरवर जे काही लिहिलं ते सगळं पहिल्या जागेपासून मोजून. शकु त्याच लिखाणावर वाढली. तिच्यासाठी सुरुवात म्हणजे ती पहिली जागा, दुसरी सुरुवात असू शकते हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. तपासणीचे रिपोर्ट मात्र दुसऱ्या जागेपासून मोजतात. रिपोर्टची अठ्ठावन्न वेगळी, हिची अठ्ठावन्न वेगळी. आता तुम्ही म्हणाल, मग तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण अक्षरं सगळी मिळून चार. चुकीच्या जागीही तेच अक्षर निघायला फार मोठा योगायोग लागत नाही. आठ दिवस ती भलत्याच घराचं दार ठोठावत बसली होती!

"गाढव," शकु मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दचकला. "तुला नाही रे. तू काम कर."

तिने पुन्हा मोजलं, ह्या वेळी बरोबर जागेपासून. आलेखातली अक्षरं तक्त्याशी एकेक करून जुळली, डावीकडे जुळली, उजवीकडे जुळली. मग तिने खाली बाकीच्या प्राण्यांकडे नजर टाकली, आणि टाकायच्या आधी, खोटं कशाला सांगा, डोळे मिटून घेतले. बाबासाहेबांचं नाव घेतलं आणि उघडले.

माणूस, जी. उंदीर, टी. कुत्रा, सी. घोडा, पुन्हा जी. गाय, ए. म्हैस, ए. शेळी, ए. आणि माकड! आपलं साधं, शेपटीवालं माकड, ए! मिनूचं अक्षर माकडाकडे होतं, गायीकडे होतं, सगळी जनावरं ते अक्षर घेऊन मजेत चरत होती, उपाशी राहत होती, पुन्हा खात होती. शकुचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत मागे रेलली आणि तिला एकदम लक्षात आलं की आपण रडतोय. तो मुलगा पुन्हा बघायला लागला. "काय बघतोस? एसीने डोळे चुरचुरतायत," ती म्हणाली.

पण घरी जाऊन सांगायचं कसं? चांगली बातमी सांगायची तर आधीची चूकही सांगावी लागणार. तिच्या मनात एकदा येऊन गेलं, की नुसतं म्हणावं, नवीन माहिती मिळाली. भीमराजने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शकु, अक्षता आठवडाभर स्वतःला दोष देत बसलीय. तुझ्याकडून चूक झाली हे तिला कळलं तर तिला बरंच वाटेल. जा, सांगून ये."

ती गेली. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कुठून मोजायला हवं होतं आणि कुठून मोजलं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "हे अजून पक्कं नाही. गाय-म्हशींवरून पोराचा निकाल लागत नाही, डॉक्टर रक्तातलं एन्झाइम मोजतील तेव्हा खरं. पण मी जे चांगलं दिसत नाही म्हणाले ना, ते साफ चुकीचं होतं."

मग द्रौपदीकाकू कडाडल्या. "आमका आठ दिस रडवलंस गो! देवाक पण झोपाक दिला नाय मी! आणि आता म्हणतंस मोजूक चुकलंय?" असं म्हणत त्यांनी शकुच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला, आणि लगेच तोच दंड धरून तिला खाली बसवलं आणि हातात सोलकढीचा पेला दिला. अक्षता मात्र एकच विचारत होती. "गायीला पण असतं? माकडाला पण? म्हणजे मी दिलं ते...?"

"तू दिलंस ते चांगलंच दिलंस गं," शकु म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तक्ते मागवले, चुकलेला आणि सुधारलेला. त्यांनी शकुला फोन केला. शकु बोलणी खायच्या तयारीत होती, पण बाई म्हणाल्या, आमच्याकडेही ही गडबड होते, तुम्ही कळवलंत हे बरं केलंत. मिनूचं रक्त एन्झाइम मोजायला गेलं. दिवाळी आली तशी गेली, फराळ कुणाच्या घशाखाली उतरला नाही. मग निकाल आला: एन्झाइम निम्मं. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असली की जेवढं असायला हवं तेवढंच. सुयोगइतकंच.

"आता एकच राहिलं," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलात, आमच्या डोळ्यांसमोर, तिला थोडं उपाशी ठेवून बघायचं. साखर धरून ठेवते का ते पाहू. धरली तर गजर बंद."

उपाशी हा शब्द ऐकूनच अक्षताने मिनूला जवळ ओढलं.

त्या दिवशी शकुने रजा टाकली. वॉर्डात एकालाच परवानगी, ती अक्षताला. पण द्रौपदीकाकू नर्सच्या गावच्या निघाल्या आणि शकु त्यांच्या मागून आत घुसली. सकाळचं दूध झालं आणि मग काही नाही. नर्स मधून मधून येऊन मिनूच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायची आणि मशीनवरचा आकडा लिहून ठेवायची. पहिले काही तास मिनू खेळली. शकुच्या ओढणीचं टोक चावलं, नर्सचं पेन पळवलं, थोडी झोपली. मग उठली आणि वाटीकडे बघायला लागली. वाटी नव्हती.

मिनूने ओठ काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तिने जे भोकाड पसरलं ते अख्ख्या मजल्याने ऐकलं असेल. हातपाय झाडत, लालबुंद होऊन, नाकातोंडातून पाणी गाळत. अक्षता उडी मारून उठली. आजारपणापासून ती पोर कधी भुकेने रडलीच नव्हती. भूक लागायच्या आतच चमचा तोंडात असायचा. शेवटची उपाशी राहिली होती तेव्हा ती रडली नव्हती, गप्प पडली होती. अक्षताने नर्सचा हात धरला. "सिस्टर, बघा ना, काहीतरी होतंय तिला! बघा ना!"

नर्सने टाचेतून थेंब घेतला. तोवर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मशीनवर आकडा उमटेपर्यंत सगळ्यांनी श्वास धरून ठेवला, एक मिनू सोडून. ती बोंबलतच होती.

बाईंनी आकडा बघितला आणि मशीन अक्षतासमोर धरलं. "सकाळी होती तशीच आहे," त्या म्हणाल्या. "काही होत नाहीये तिला. भूक लागलीय, बस. सगळ्या पोरांना लागते तशी."

रडणाऱ्या मिनूला अक्षताने उराशी धरलं आणि स्वतः हसायला लागली, हसता हसता हुंदके द्यायला लागली. शकु तोंडावर ओढणी घेऊन भिंतीकडे वळली. द्रौपदीकाकूंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली, आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रड गो बाय! मोठ्यान रड!"